कातळातली भेग किती जुनी? नाशिकमध्ये पहिल्यांदा भेगा वाचायला निघालेल्यांसाठी

नाशिक जिल्ह्यात विहीर खणणाऱ्या माणसाला पाणी कुठे लागलं असं विचारलं, की तो भेग दाखवतो. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी येतं ते त्यातल्या भेगांतून, नाहीतर मांजऱ्या (बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या) खडकाच्या सांध्यातून. पण त्याच विहिरीत हातभर अंतरावर दुसरी एखादी भेग ठणठणीत कोरडी असते, कारण ती पांढऱ्या दगडाने गच्च बुजलेली असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती भेग वाया गेली. आपल्याला मात्र तीच हवी आहे. तो पांढरा दगड कधीकाळी तिथून वाहणाऱ्या पाण्यातूनच साकळला आणि तो साकळला त्या दिवसापासून त्याच्या आत काळाचा हिशोब सुरू झाला.

भेग म्हणजे पोकळी. पोकळीचं वय थेट मोजता येत नाही, कारण मोजायला तिथे काहीच नसतं. मोजता येतं ते तिच्यात भरलेलं खनिज. त्याला मी या लेखात 'भरण' म्हणेन. नवशिक्याने पहिल्या दिवशीच हा क्रम मनात पक्का करावा: खडक आधी, भेग नंतर, भरण त्याच्याही नंतर किंवा फार तर भेगेबरोबरच. भरणाचं वय हे भेगेचं कमीत कमी वय असतं. याची दुसरी बाजू अनेकदा राहून जाते. भरण अखंड असेल, तर त्या भेगेवर शेवटची हालचाल भरणाच्या आधी किंवा फार तर भरण होत असतानाच झालेली आहे. भरण स्वतःच तुटलेलं, चिरडलेलं असेल, तर ती भेग भरणानंतरही हलली आहे. कळवण तालुक्यात दळवटच्या बाजूला जमीन हादरली की लोकांना एकच प्रश्न पडतो, खालची भेग अजून जिवंत आहे का? धक्क्यांची नोंद दिंडोरी रोडवरच्या 'मेरी' या संशोधन संस्थेत होते, पण यंत्रांच्या नोंदी फार तर काही दशकांच्या. लाखो वर्षांची नोंद भरणात असते.

आधी कातळाचं वय

नाशिकच्या चहूबाजूंना दिसतो तो दख्खनचा बेसॉल्ट. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज, लेणी कोरलेली त्रिरश्मीची टेकडी, सगळे लाव्ह्याच्या एकावर एक बसलेल्या थरांचे. या लाव्ह्याचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या हिशेबाने अगदी थोड्या काळात बाहेर पडला. हे वय दोन वेगळ्या वाटांनी काढलेलं आहे: बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजात साठलेल्या आर्गॉन वायूवरून आणि थरांच्या मधल्या लाल गेरूच्या पट्ट्यांत सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांवरून. दोन्ही आकडे जवळजवळ येतात, म्हणून त्यांवर विसंबता येतं.

ही आपली वरची हद्द. या थरांतली कोणतीही भेग याहून जुनी असू शकत नाही. उद्या तुमच्या नमुन्याचं वय ८ कोटी आलं, तर खडकाला दोष देऊ नका, मोजणी तपासा.

भेग कसली आहे ते ओळखा

सगळ्या भेगा एका जातीच्या नसतात आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो.

लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो. त्यातून उभे, पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात, कड्यांच्या पोटात ते दिसतात. या भेगा लाव्ह्याइतक्याच जुन्या असतात, थर ओतल्यावर काही वर्षांतच पडलेल्या. त्यांचं वय काढण्यासाठी भरणाची गरज नसते, पण त्यांतलं भरण मात्र कितीही तरुण असू शकतं.

दुसऱ्या भेगा ताणाने किंवा दाबाने पडलेल्या. त्या एका थरातून दुसऱ्या थरात सरळ जातात, बऱ्याच अंतरापर्यंत दिशा सोडत नाहीत आणि त्याच दिशेच्या बहिणी शेजारी असतात. ज्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकल्या आहेत, तिला आपण विभंग म्हणतो. खऱ्या अर्थाने वय काढण्याजोग्या भेगा याच.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. नाशिक ते संगमनेर या पट्ट्यात काळ्या दगडाच्या भिंती जमिनीतून सरळ रेषेत वर आलेल्या दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. ती भेगच आहे, फक्त पाण्याऐवजी वितळलेल्या शिलारसाने भरलेली. इथे भेग उघडणं आणि भरणं एकाच वेळी घडलं, कारण शिलारसानेच ती रुंदावली. म्हणून डाइकच्या खडकाचं वय हेच ती भेग रुंदावून भरल्याचं वय. पांढऱ्या भरणाबद्दल असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. एकदा डाइकच्या कडेला बसून दगड पाहा: काठावर तो अगदी बारीक कणांचा, मध्ये जाडसर. थंड भिंतीला टेकलेला रस लवकर गोठला, त्याची ही खूण.

उरल्या दोन भेगा टाळायच्या. डोंगराच्या उताराला समांतर सुटणारे पापुद्रे वरचा भार हलका झाल्याने पडतात. आणि खाणीत सुरुंगाने पडलेल्या भेगा असतात. त्या सुरुंगाच्या भोकापासून चांदणीसारख्या फाकतात, आत कसलाही लेप नसतो, कडा धारदार आणि कोऱ्या असतात. ऐतिहासिक भेग म्हणून सुरुंगाच्या भेगेचे फोटो घेऊन येणारे दरवर्षी भेटतात.

जायचं कुठे, न्यायचं काय

पांडवलेणीच्या २४ लेण्यांत कातळ सुंदर दिसतो, भेगाही दिसतात. तिथे फक्त पाहायचं. ते संरक्षित स्मारक आहे, हातोडा पिशवीतूनही बाहेर काढायचा नाही. गडकिल्ले आणि वनखात्याच्या जमिनीवरही तोच नियम पाळा. नमुना घ्यायचा तर चालू किंवा बंद दगडखाण, रस्त्यासाठी कापलेला डोंगर किंवा नव्या विहिरीतून काढलेला ढीग. सारूळ परिसरातल्या खाणींत ताजे, उंच कातळपृष्ठ उघडे असतात. खाणमालकाची परवानगी घ्या, सुरुंगाची वेळ विचारा, हेल्मेट घाला आणि कड्याच्या बुडाशी उभे राहू नका. पावसाळा संपल्यानंतरचे महिने उत्तम, दगड धुतलेला असतो आणि ऊन सोसतं.

घरून निघण्यापूर्वी एक दिवस सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात घालवा. भेगांतली आणि पोकळ्यांतली खनिजं निर्दोष, मोठ्या रूपात कशी दिसतात हे एकदा डोळ्यांत बसलं की खाणीतल्या चुरगळलेल्या तुकड्यांतही ती ओळखू येतात.

पिशवीत दहापट मोठं दाखवणारं भिंग, हातोडा, छिन्नी, डोळ्यांना चष्मा, पोलादी पातं, क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजणारं साधन) असलेलं होकायंत्र, न पुसणारा मार्कर, जाड कागद आणि वही. छोट्या ड्रॉपरच्या बाटलीत १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल. ते शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतून विरळ केलेलंच घ्या, घरी करू नका.

होकायंत्राबद्दल एक सूचना. बेसॉल्टमध्ये लोहखनिज असतं, त्यामुळे काटा दगडाला टेकवला की भरकटतो. डोंगरमाथ्यावर वीज पडलेला कातळ तर फारच जोरात चुंबकित झालेला असतो. यंत्र दगडापासून हातभर दूर धरा, दोन-तीन जागी दिशा घ्या आणि जुळल्या तरच लिहा. मोबाइलमधलं होकायंत्रही याच कारणाने फसतं.

भरण ओळखणं

पांढरं दिसलं की सगळं सारखं वाटतं. पण तीन परीक्षांत बरंच उलगडतं.

आम्लाचा एक थेंब टाका. लगेच फसफसलं तर काल्साइट. त्यावर पोलादी पात्याने सहज ओरखडा उठतो आणि तो फुटतो तेव्हा तिरक्या चौकटीचे तुकडे पडतात. फसफसलं नाही आणि दगडानेच पात्यावर ओरखडा काढला, तर क्वार्ट्झ, आपली नेहमीची गारगोटी. दोन्ही नाही, तर बहुधा झिओलाइट किंवा त्याचं गणगोत. स्टिल्बाइट भाताच्या पेंढीसारखा दिसतो, मध्ये आवळलेला आणि दोन्ही टोकांना पसरलेला, रंग पांढरा किंवा फिकट शेंदरी. स्कोलेसाइट म्हणजे सुयांचा झुबका. अपोफिलाइट काचेसारखा, चौकोनी घडणीचा, आणि त्याच्या एकाच पृष्ठावर मोत्याची झाक असते. ती झाक शोधायला शिका, पुढे उपयोगी पडेल. भेगेच्या भिंतीला लागून निळसर-हिरवा मऊ लेप असेल तर तो बहुधा सेलॅडोनाइट. पांडवलेणीच्या टेकडीजवळच्या खाणींतून निघालेलं पॉवेलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, पण ते तुमच्या पहिल्या सहलीत मिळेल अशी आशा ठेवू नका.

भरण वाचणं

इथे घाई करू नका. या पायरीवर जितका वेळ द्याल, तितका पुढे प्रयोगशाळेतला पैसा सत्कारणी लागेल.

प्रश्न एकच: भेग उघडत असताना खनिज वाढलं, की भेग आधीच उघडी होती आणि खनिज सावकाश नंतर आलं?

भिंग लावा. स्फटिकांची टोकं मोकळेपणी वाढलेली, टोकदार, मध्ये पोकळी शिल्लक असेल, तर भेग आधीपासून उघडी होती. पाणी आलं, खनिज भिंतीवर धरलं, आत वाढत गेलं. अशा भरणाचं वय भेगेच्या जन्माहून कोट्यवधी वर्षांनी कमी असू शकतं. दख्खनच्या पोकळ्यांतल्या काही अपोफिलाइटांची वयं लाव्ह्यापेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण निघाली आहेत. लाव्हा थिजून गेल्यावरही कोमट पाणी या खडकांतून पुन्हा पुन्हा फिरलं, असा त्याचा अर्थ.

याउलट खनिज तंतूंसारखं असेल, तंतू एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ताणलेले दिसत असतील, तर भेग थोडी थोडी उघडत होती आणि प्रत्येक वेळी भरली जात होती. काही वेळा भरणात भिंतीला समांतर, खडकाच्या कणांच्या बारीक रेघा एकामागे एक दिसतात. भेग तडकली, भरली, पुन्हा तडकली, पुन्हा भरली, याचे ते ठसे. भूशास्त्रज्ञ जॉन रॅमसे यांनी १९८० मध्ये या रचनेचा असा उलगडा मांडला, आणि आजही शिरा, म्हणजे खनिजाने भरलेल्या भेगा, वाचणारा प्रत्येक जण त्यावरच उभा असतो. असं भरण भेगेच्या हालचालीबरोबरचं असतं. त्याचं वय म्हणजे जवळपास हालचालीचंच वय.

विभंगाच्या पृष्ठावर हात फिरवून पाहा. काल्साइटचे तंतू पायऱ्यांसारखे एका बाजूला झुकलेले लागले, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने खरखरीत, तर खडक कोणत्या दिशेला सरकला तेही कळतं. तंतू सरकताना वाढले, म्हणून हा नमुना लाखमोलाचा.

मग क्रम लावा. भिंतीला चिकटलेलं खनिज सर्वसाधारणपणे पहिलं, मध्यातलं शेवटचं. पण तंतुमय शिरांत कधी उलटंही असतं, नवी वाढ भिंतीच्या बाजूला होते. म्हणून मध्ये खडकाच्या चुऱ्याची पुसट रेघ आहे का ते बघायचं. असेल, तर जुना भाग मध्यात आहे. एक शीर दुसरीला कापत असेल तर कापणारी धाकटी. दोन शिरा एकमेकींना जिथे छेदतात त्या कोपऱ्याचं चित्र हाताने काढा. फोटो काढाच, पण चित्रही काढा, कारण हात जे पाहतो ते कॅमेरा सोडून देतो.

सुरुवातीच्या दिवसांत मी एक देखणा स्टिल्बाइटचा पुंजका भेगेतून अलगद सोडवून घरी आणला. कोणती बाजू भिंतीची, वर कुठलं टोक, खालच्या काल्साइटशी त्याचा संबंध काय, काहीच लिहिलं नव्हतं. तो पुंजका अजून माझ्या कपाटात आहे आणि त्याच्याकडून एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. रस्त्यावर किंवा दुकानात विकत घेतलेल्या स्फटिकांचंही तेच. घरात ठेवायला छान, वय काढायला निरुपयोगी.

नमुना घेताना

तोडण्यापूर्वी दगडावरच मार्करने वरच्या दिशेचा बाण काढा आणि भेगेची आडवी दिशा व उताराचा कोन लिहा. पुस्तकांत त्याला नतिलंब आणि नती म्हणतात. नमुना घेताना भरणाबरोबर दोन्ही भिंतींचा थोडा थोडा खडक घ्या, नुसतं पांढरं खरवडून आणू नका. एकाच भेगेतून चार-पाच ठिकाणी घ्या, कारण त्यातला एखादाच मोजणीला उतरेल. उन्हापावसाने पिवळसर झालेला, मातीचा रंग लागलेला भाग सोडून द्या, तिथून नंतरचं पाणी गेलेलं असतं. प्रत्येक तुकडा वेगळ्या जाड कागदात, वर क्रमांक, तोच क्रमांक वहीत.

कोणत्या खनिजात कोणतं घड्याळ

झिओलाइट दिसायला राजे, पण घड्याळ म्हणून कच्चे. त्यांची घडण पिंजऱ्यासारखी पोकळ असते आणि भोवतालच्या पाण्याशी सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियमची देवाणघेवाण सतत चालू असते. पाणी मऊ करायला झिओलाइट वापरतात तो याच गुणामुळे. जे भांडं झाकलेलंच राहत नाही, त्यात किती साठलं यावरून काळ कसा मोजणार? क्रम लावायला, पाणी किती गरम होतं याचा अंदाज बांधायला ते उपयोगी आहेत. तेवढंच काम त्यांच्याकडून घ्यावं.

काल्साइटमध्ये युरेनियमचा अंश अडकतो आणि त्याचं सावकाश शिसं बनतं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याइतक्या जुन्या काल्साइटमध्येही १०० अणूंमागे जेमतेम १ अणू बदललेला असतो. इतकं थोडं शिसं मोजायचं आणि त्यात सुरुवातीपासून असलेलं शिसं वेगळं काढायचं, म्हणून हे काम नाजूक. तुकडा राळेत बसवून घासून गुळगुळीत करतात, लेसरने केसाच्या जाडीचे खड्डे पाडत जातात आणि उडालेला धूर वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात ओढतात. डझनावारी खड्ड्यांचे आकडे आलेखावर एका तिरक्या रेषेत यावे लागतात, आणि ती रेषा आलेखावरच्या वयाच्या ठरलेल्या वक्राला जिथे छेदते तिथे वय. तुलनेसाठी वय माहीत असलेलं काल्साइट सोबत मोजतात. सर्रास वापरलं जाणारं एक सुमारे २५ कोटी ४० लाख वर्षं जुनं आहे. बऱ्याच काल्साइटमध्ये युरेनियम पुरेसं नसतंच आणि काही नंतर पुन्हा स्फटिकलेलं असतं, त्याचं वय खोटं तरुण येतं. म्हणून चार-पाच नमुने.

अपोफिलाइटमध्ये पोटॅशियम असतं आणि त्याच्याबरोबर रुबिडियम येतं. रुबिडियम-८७चं स्ट्रॉन्शियम होतं. हे घड्याळ आणखी मंद, निम्मं व्हायला जवळपास ५,००० कोटी वर्षं. पण अपोफिलाइटमध्ये मूळचं स्ट्रॉन्शियम कमी असेल तर फरक दिसतो. त्याच पाण्यातून, त्याच वेळी बसलेलं काल्साइट शेजारी मिळालं तर फारच उत्तम: त्यात स्ट्रॉन्शियम भरपूर, रुबिडियम नगण्य, म्हणून सुरुवातीचा आकडा तेच देतं. मोत्याची झाक शोधायला सांगितलं ते यासाठी.

सेलॅडोनाइट किंवा विभंगातल्या चिकट मातीतलं इलाइट पोटॅशियमयुक्त असतं. पोटॅशियमच्या एका प्रकाराचा सावकाश आर्गॉन वायू बनतो, म्हणून त्यांना पोटॅशियम-आर्गॉनची पद्धत लागू पडते. मात्र मातीत मूळ खडकाचे जुने कण मिसळले की वय फुगतं, म्हणून सगळ्यात बारीक कण वेगळे काढावे लागतात. आर्गॉनच्या मोजणीची राष्ट्रीय सुविधा मुंबईत आयआयटीमध्ये आहे.

आणि गोदावरीच्या काठाला, मातीजवळच्या भेगांत, मऊ पांढरट चुनखडीचे लेप दिसतात. ते या गोष्टीतले तान्हे. त्यांना युरेनियम-थोरियमची पद्धत, ती साधारण ५ ते ६ लाख वर्षांपर्यंत चालते. ५० हजार वर्षांच्या आतलं असेल तर कार्बन-१४ही, पण भेगेतल्या पाण्यात जुन्या चुन्याचा मृत कार्बन मिसळला असेल तर वय खऱ्याहून जास्त दिसतं.

एकट्या माणसाने थेट प्रयोगशाळेचं दार ठोठावून उपयोग होत नाही. जवळच्या महाविद्यालयातल्या किंवा पुणे विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या शिक्षकांकडे वही घेऊन जा. नमुन्याआधी वही दाखवा. चित्रं, दिशा, क्रम नीट असतील तर पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय होते, आणि कोणता तुकडा मोजणीला पाठवावा हे तिथेच ठरतं.

आकडा आल्यावर

समजा, तुमच्या भेगेतल्या टोकदार काल्साइटचं वय ३ कोटी वर्षं, अधिक-उणे १० लाख, असं आलं. वहीत 'भेग ३ कोटी वर्षांची' असं लिहू नका. लिहा: भेग लाव्ह्याच्या नंतरची, म्हणजे ६ कोटी ६० लाखांच्या अलीकडची, आणि ३ कोटींच्या पलीकडची. भरण अखंड आहे, म्हणून या जागी ३ कोटी वर्षांत भेग सरकलेली दिसत नाही. तेच काल्साइट तंतुमय असतं तर 'भेगेवरची एक हालचाल सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी' असं लिहिता आलं असतं. आणि ते चिरडलेलं असतं तर 'शेवटची हालचाल ३ कोटींच्या अलीकडे, किती ते ठाऊक नाही' एवढंच. आकडा तिन्ही ठिकाणी तोच, वाक्यं तीन वेगळी. कोणतं वाक्य लिहायचं हे खाणीत भिंगातून पाहिलेल्या गोष्टीने ठरलेलं असतं.

मोजणीला नमुन्याचा अर्धाच भाग पाठवा. उरलेला अर्धा भिंतीच्या खडकासकट, बाणासकट, क्रमांकासकट कोरड्या डब्यात ठेवा. काही वर्षांनी कुणी शंका काढली, तर पुन्हा पाहायला तो लागेल.